तिसऱ्याचा दिवा

दुपारची कामं उरकली की अनुसयाबाई सुनेचा मोबाईल मागून घ्यायची आणि सपरीत, घरापुढच्या पडवीत, भिंतीला टेकून बसायची. तिला वाचता येत नव्हतं, पण मोबाईलशी बोलता येत होतं. माइकचं चित्र दाबायचं आणि पाहिजे ते सांगायचं, हे सुनेनं, रेणूनंच तिला शिकवलं होतं. अनुसयाबाई रोज एकच सांगायची, "भूतानची नदी." मग कुठल्या कुठल्या हौशी प्रवाशांचे व्हिडिओ यायचे. डोंगर, धुकं, लाकडी पूल, पांढऱ्या भिंतींचा मोठा थोरला किल्ला. हसणारी, हात हलवणारी माणसं. अनुसयाबाई त्या माणसांकडं पाहत नसे. त्यांच्या पाठीमागून जे कोणी येत-जात असतील त्यांच्याकडं ती डोळे बारीक करून पाहायची.

तिचा खुशाल तिथं गेला होता. एकुलता एक. अर्जुनीला आयटीआय करून वायरमन झाला आणि भूतानात एका धरणाच्या कामावर लागला. लग्नाला वर्ष होत नाही तो गेला. दिवाळीला येऊन जायचा, फोन रोज करायचा. तिथल्या पावसाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे दोन सोबती गाडी घेऊन पुनाख्याचा किल्ला पाहायला गेले. सकाळी त्यानं आईला फोटो पाठवला. मागं पांढरा किल्ला, पुढं हा उभा, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडला होता, तेव्हाचं हाड नीट बसलं नाही ते नाहीच. फोटोसोबत त्याचा आवाज होता. "आई, हे किल्ला हाय का मंदिर हाय समजतच नाई. दोनी हाय म्हन्ते. आंदी लढाई कराचे, आता लामा राह्यतेत. तुले एकडाव आनून दाखवतो."

किल्ला पाहून ते आणखी वरच्या अंगाला गेले. परतताना पावसानं रस्ता खचला आणि गाडी नदीत गेली. दोघांची प्रेतं खाली सापडली. खुशाल सापडला नाही.

घरच्यांनी महिनोन्महिने वाट पाहिली. शेवटी शालीकरामनं, अनुसयाबाईच्या नवऱ्यानं, पिठाचा पुतळा करून गाढवी नदीच्या काठी त्याला अग्नी दिला. गाव गोळा झालं. अनुसयाबाई गेली नाही. ती घरी भात शिजवत बसली आणि तेरवीच्या पंगतीचं पान तिनं शिवलंसुद्धा नाही. "ज्याले पाह्यलं नाई त्याले जारता कसे?" एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी ती रडली नाही आणि त्यानंतरही कुणी तिला रडताना पाहिलं नाही.

तिनं रेणूचं कुंकू पुसू दिलं नाही. पुसायला आलेल्या बायांना तिनं दारातूनच परत लावलं. रेणू तेव्हा पंचविशीतही नव्हती. ती कपाळाला टिकली लावायची, गळ्यात काळी पोत घालायची, सासूसोबत बांधीत धानाच्या रोवण्याला जायची, सासऱ्याच्या गोळ्या आठवणीनं द्यायची. सणावाराला सवाष्ण म्हणून तिला कुणी बोलवत नव्हतं, आणि विधवा म्हणून कुणी टाळतही नव्हतं. लोकांना कळत नव्हतं तिच्याशी कसं वागावं. तिलाही कळत नसावं.

रेणूचा भाऊ लीलाधर गोंदियाला किराणा मालाचा व्यापार करायचा. तो दर दोन-तीन महिन्यांनी यायचा, चहा प्यायचा आणि जाताना तोच विषय काढायचा. "मावशी, रेणूचं वय का हाय? आपल्या समाजात दुसऱ्यांदा पाट लागते. चांगलं स्थळ हाय."

"नवरा जिता असताना पाट लावतेत का?" अनुसयाबाई विचारायची.

एकदा लीलाधर गेल्यावर शालीकराम बैलाला पाणी दाखवता दाखवता म्हणाला, "तू पोराले नाई धरून राहिली. सुनेले धरून राहिली."

अनुसयाबाईनं हातातली बादली तिथंच आपटली. दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. बोलणं खोटं असतं तर तिला एवढा राग आला नसता.

आणि मग फागुनात, मोहफुलं गळायला लागली त्या दिवसांत, तो व्हिडिओ आला.

किल्ल्याच्या आतल्या अंगणात कसली तरी जत्रा होती. मुखवटे घातलेले लामा नाचत होते, ढोल वाजत होते. कडेनं लाल वस्त्रातली लहान-मोठी लामा मंडळी बसली होती आणि एक माणूस मोठी किटली घेऊन त्यांना चहा वाढत होता. तो पाठमोरा होता. वाकायचा, वाढायचा, पुढं सरकायचा. त्याचा डावा खांदा खाली होता. शेवटी तो क्षणभर वळला, कुणाशी तरी बोलून हसला आणि व्हिडिओ संपला.

अनुसयाबाईनं तो पुन्हा लावला. पुन्हा लावला. "रेणू! ओ रेणू! इकडं ये, पाय!"

रेणू हात पुसत आली. सासूच्या खांद्यावरून वाकून तिनं पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"त्योच हाय ना?"

"दूरून हाय, आई. नीट नाई दिसत."

"खांदा पाय ना! खांदा नाई दिसत का तुले?"

"दिसून राहिला," रेणू म्हणाली.

संध्याकाळी अनुसयाबाई तोच मोबाईल घेऊन तिबेटी कॅम्पात गेली. इटियाडोह धरणाच्या बाजूला ही तिबेटी वस्ती तिच्या लहानपणापासून होती. मका लावणारी, हिवाळ्यात स्वेटर विकायला परगावी जाणारी ही माणसं तिला परकी नव्हती. तिथली म्हातारी डोल्मा तिच्याच वयाची, तिच्यासोबत एकाच कालव्यावर कपडे धुतलेली. डोल्मानं चष्मा लावून व्हिडिओ पाहिला.

"हे आमचं नाई. भूतानवाल्याईचं हाय. गोम्पा, लामाईचा मठ."

"तथी एखाद्याले ठेवून घेतेत का? समज, डोक्याले मार लागला. नाव-गाव इसरला. तं लामा त्याले जेवाले देतेत का?"

डोल्मानं तिच्याकडं पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. "भुक्याले देतेत," ती सावकाश म्हणाली. "कोनालेबी देतेत."

एवढ्यावर अनुसयाबाईनं जायचं नक्की केलं.

शालीकराम म्हणाला, "मी त्याले अग्नी देल्लो. आता कोनाले पाहाले जाऊ?" शिवाय उन्हाळी धानाला कालव्याचं पाणी पाळीनं मिळत होतं, ते सोडून घर बंद करता येत नव्हतं. लीलाधर आला, त्यानं व्हिडिओ पाहिला आणि डोकं खाजवलं. नाही म्हणावं तर म्हातारी एकटी निघेल अशी तिची चर्या होती.

"मी नेतो तुमाले, मावशी," तो म्हणाला. "पन एक बोलतो, राग नोको मानू. तो खुशाल असन तं मी सोता त्याले खांद्यावर घेऊन आनतो. नसन, तं रेणूले मी माह्या घरी नेईन."

रेणू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अनुसयाबाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

"नेजो," ती म्हणाली. तिला खात्रीच होती. हरायचं नाही हे ज्याला ठाऊक असतं तो काय वाटेल ते डावावर लावतो.

तिनं खुशालचा एक शर्ट-पँट धुऊन, घडी करून पिशवीत घातला. त्या लोकांच्या कपड्यात तो घरी यायला नको. लाखोळीच्या डाळीचे वडे तळले, त्याला फार आवडायचे. गोंदियाहून हावडा, तिथून दुसरी गाडी, मग हाशिमारा, मग मोटारीनं सरहद्द. सरहद्दीवरच्या कचेरीत बाबूनं विचारलं, कशासाठी जाताय? लीलाधर म्हणाला, घूमने. अनुसयाबाई मध्येच म्हणाली, "लडका है उधर." बाबूनं मान हलवून शिक्का मारला.

वाटेत घाट लागले. रेणूला उलट्या झाल्या. अनुसयाबाई मात्र खिडकीला चिकटून ताठ बसली होती. एका उंच खिंडीत थंडीनं दात वाजायला लागले, तरी ती म्हणाली, "हे बरं हाय. थंड्या जागी मानूस लवकर नाई खराब होत." ती कशाबद्दल बोलली हे तिच्याच लक्षात आलं नाही. लीलाधरनं तोंड दुसरीकडं वळवलं.

खिंड उतरून खाली आलं की हवा पुन्हा उबदार झाली आणि धानाची शेतं लागली. पायऱ्यापायऱ्यांच्या बांध्या, त्यात रोपांचे पऱ्हे टाकायला माती तयार करणाऱ्या बाया. "आपल्यासारखंच हाय," रेणू म्हणाली. संबंध वाटेत ती आपणहून बोलली ती एवढंच.

किल्ला दिसला तसा अनुसयाबाईनं हात जोडले. मोबाईलमध्ये तो तळहाताएवढा होता. इथं तो दोन नद्यांच्या मध्ये, मोठी नाव काठाला लागावी तसा बसला होता. खालून वर जाताना आत झुकत गेलेल्या पांढऱ्या भिंती, वर काळपट लाकडाच्या नक्षीदार खिडक्या, सोनेरी कळस. भिंतीच्या कडेला जांभळ्या फुलांनी लदलेली झाडं. वरच्या खिडक्यांखाली आग्या मोहोळाची काळी पोळी लटकलेली. आपल्या जंगलातली मधमाशी इथंही आहे हे पाहून तिला उगाच धीर आला.

सोबत किन्ले नावाचा तरुण गाईड होता. गुडघ्यापर्यंतचा त्यांचा तो झगा घातलेला, सिनेमे पाहून शिकलेली हिंदी बोलणारा. पुलाकडं जाताना तो रोजच्या सवयीनं सांगायला लागला, "उधर वाली फो छू, मतलब बाप नदी। ये मो छू, माँ नदी। किले के पास दोनों मिलती हैं।"

"गाडी कोनत्या नदीत गेली?" अनुसयाबाईनं लीलाधरला विचारलं.

लीलाधरनं किन्लेला बाजूला घेऊन विचारलं. किन्लेचा चेहरा पडला. त्यानं पुलाखालच्या पाण्याकडं बोट केलं. माय नदीकडं.

अनुसयाबाई छपराच्या लाकडी पुलावर जराशी थांबली. खाली हिरवं, स्वच्छ पाणी वाहत होतं. कठड्यापाशी लोक माशांना खायला टाकत होते आणि मासे झुंडीनं वर येत होते. तिनं नजर फिरवली आणि चालायला लागली.

किल्ल्याच्या दाराशी उभ्या चढणीचा लाकडी जिना होता. रेणूनं हात पुढं केला, पण अनुसयाबाई तिच्याही आधी चढून गेली. दाराशी किन्लेनं पहारेकऱ्याला व्हिडिओ दाखवला. पहारेकरी हसला, त्यांच्या भाषेत काही बोलला आणि आतल्या अंगणाकडं हात केला.

"क्या बोला?"

"बोलता है, हाँ, ये यहीं रसोई में काम करता है।"

अनुसयाबाईनं डोळे मिटून घेतले. हातातली पिशवी तिनं छातीशी धरली. रेणू तिच्याकडं पाहत होती आणि रेणूच्या डोळ्यांत जे होतं ते त्या वेळी अनुसयाबाईला दिसलं नाही.

अंगणात पांढरा स्तूप होता, त्याच्याजवळ मोठं पिंपळाच्या जातीचं झाड होतं. दगडी फरशीवर कबुतरं टिपत होती. आतून लामांचा घुमणारा आवाज येत होता. आणि पलीकडच्या दारातून एक माणूस पाठीवर जळणाचा भारा घेऊन निघाला. त्यांच्याकडं पाठ करून तो कोपऱ्यातल्या खोलीकडं चालला. डावा खांदा खाली.

"खुशाल!"

एवढा मोठा आवाज अनुसयाबाईच्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. कबुतरं उडाली. माणूस थांबला नाही. "अरे खुशाल, थांब ना बापा!" ती धावत सुटली, पदर खांद्यावरून घसरला, चप्पल मागं राहिली. तिनं जाऊन त्याची बाही धरली तेव्हा तो वळला.

चाळिशीचा माणूस होता. रापलेला चेहरा, बारीक डोळे, हनुवटीवर विरळ केस. तो घाबरून तिच्याकडं पाहत राहिला.

अनुसयाबाईनं त्याची बाही सोडली नाही. तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग खांद्याकडं, मग पुन्हा चेहऱ्याकडं. खांद्यावरून तिनं हात फिरवला, गळ्यापाशी मोडून वाकड्या जुळलेल्या हाडाची गाठ शोधली. तिथं गाठ नव्हती. ओझी वाहून पडलेला घट्टा होता फक्त. त्या माणसानं भारा खाली ठेवला आणि हलला नाही. म्हातारी जे शोधतेय ते तिला शोधू द्यावं, एवढं त्याला कळलं असावं.

"नाई," ती शेवटी म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. "हा नाई."

लीलाधरनं पुढं होऊन तिला धरलं. त्या माणसानं एक लाकडी पाट आणून तिला भिंतीच्या सावलीत बसवलं, आत जाऊन चहाचा पेला आणला. त्याचं नाव मनबहादूर. दक्षिणेकडच्या नेपाळी बोलणाऱ्या मुलखातला, बरीच वर्षं इथल्या रसोईत. किन्लेनं त्याला थोडक्यात सगळं सांगितलं. अपघाताची गोष्ट निघाली तसा मनबहादूर तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आमा," तो म्हणाला, "वो तीन लोग? सफेद गाड़ी?"

अनुसयाबाईनं मान वर केली.

"हम लोग उस दिन पुल पर थे। ऊपर से खबर आयी तो रस्सी लेकर दौड़े। मैं भी था।"

"तू पाह्यला?" ती मराठीतच म्हणाली. मग शब्द शोधत, "तूने देखा? आँख से?"

मनबहादूरनं किन्लेकडं पाहिलं, लीलाधरकडं पाहिलं. खोटं बोलून सुटता आलं असतं. "देखा," तो म्हणाला. "गाड़ी की छत दिखी। पुल के नीचे से गयी। पानी इतना था, पेड़ के पेड़ बह रहे थे। रस्सी डाली, पर उसमें हाथ डालने जैसा कुछ था नहीं। आमा, मैं इधर का पानी जानता हूँ। उस पानी में से कोई नहीं निकलता।"

"तो चिल्लाया क्या?"

मनबहादूरनं खाली पाहिलं. "पानी की आवाज बहुत थी," तो म्हणाला. "कुछ सुनाई नहीं दिया।"

खरं काय ते त्यालाच ठाऊक. अनुसयाबाईनं पुन्हा विचारलं नाही.

मग तो म्हणाला की दोघं सापडले, त्यांच्या माणसांनी येऊन त्यांना नेलं. तिसरा सापडला नाही, त्याचं नाव इथं कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा इथल्या एका म्हाताऱ्या लामानं त्याच्या नावानं पूजा केली. नाव नव्हतं म्हणून नुसतं 'तिसरा' म्हटलं. सात आठवडे रोज एक दिवा लागला. तूप घालायचं, वात सारखी करायची हे मनबहादूरचंच काम होतं.

"मेरे लडके को तुमने दिया लगाया?"

"हाँ, आमा।"

"उसका नाम खुशाल," अनुसयाबाई म्हणाली.

"खुशाल," मनबहादूरनं म्हणून पाहिलं.

तिनं पिशवीतून वड्यांचा डबा काढला आणि झाकण उघडून त्याच्यापुढं धरला. त्यानं एक घेतला. "खा," ती म्हणाली. तो खात असताना ती त्याच्या तोंडाकडं पाहत होती. त्यानं दुसरा घेतला, तिसरा घेतला. पोट भरलेलं असलं तरी त्यानं तिच्यासमोर सगळे खाल्ले असते असं लीलाधरनं पुढं घरी सांगितलं.

निघताना त्यानं त्यांना दिव्यांच्या खोलीत नेलं. पितळेच्या वाट्यांत तुपाचे दिवे ओळीनं जळत होते. धुरानं भिंती काळ्या झाल्या होत्या. अनुसयाबाईनं एक दिवा लावला. वात पेटेना. रेणूनं तिच्या हाताला आपला हात लावला तेव्हा पेटली.

बाहेर आल्यावर लीलाधर आणि किन्ले मुद्दाम मागं राहिले. दोघी सासू-सुना नद्यांच्या संगमाकडं उतरल्या आणि काठच्या दगडगोट्यांवर बसल्या. एका नदीचं पाणी जरा गढूळ, दुसरीचं हिरवं. काही अंतर दोन्ही शेजारी शेजारी वाहत होत्या आणि मग मिसळत होत्या.

"तुले मालूम होतं," अनुसयाबाई म्हणाली.

रेणूनं एक दगड उचलून हातात फिरवला.

"मोबाईलमंदी पाह्यलं तवाच तुले मालूम होतं. मंग काऊन आली? कायले माह्यासोबत एवढी दूर आली?"

"तो मानूस हासला ना शेवटी," रेणू म्हणाली. "हे तसे हासत नव्हते. यायचे डोरे पयले हासत, मंग तोंड. तुमाले सांगितलं असतं तं तुमी मानलं असतं का, आई? म्हटलं असतं, इले जायाचंच हाय म्हनून बोलते."

अनुसयाबाईला ते खरं वाटलं. तेच म्हटलं असतं तिनं.

"अन् मले बी पाहाचं होतं," रेणू म्हणाली. "वाटलं, माह्याच डोऱ्याची चूक असन."

इतकं म्हणून ती रडायला लागली. अडीच वर्षं सासूच्या नजरेसमोर नवऱ्यासाठी रडायचीही तिला सोय नव्हती, कारण रडणं म्हणजे तो मेला असं कबूल करणं. ती आता गुडघ्यांत डोकं घालून रडत होती आणि अनुसयाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आतून सगळं कोरडं झालं होतं.

थोड्या वेळानं रेणूनं मान वर केली आणि गळ्यातली पोत काढली. अनुसयाबाईला वाटलं ती नदीत सोडेल.

"सोडतं का?"

"नाई," रेणू म्हणाली. "हिनं पयलेच किती नेलं. हिले काई नाई द्याचं." तिनं पोत सासूच्या मुठीत ठेवली. "तुमी ठेवा."

अनुसयाबाईनं मूठ मिटली. "तुह्या बांगड्या कोनी फोडनार नाई," ती म्हणाली. "टिकली बी तशीच राहू दे. मी जिती हाय तवरी तुले कोनी हात लावनार नाई." मग पाण्याकडं पाहत म्हणाली, "अन् लीलाधरले सांग, धान निंगला का गाडी घेऊन ये म्हनावं."

"आई, तसं काई नाई. मी राहीन."

"राहशीन," अनुसयाबाई म्हणाली. "म्हनूनच सांगून राहिली."

पुलावरून परत जाताना ती थांबली नाही.

उन्हाळी धान निघालं. मळणीचा चुरणा झाला, पोती घरात आली. लीलाधर एका सकाळी गाडी घेऊन आला. इंद्रकुमार नावाचा माणूस होता आमगावचा, बायको बाळंतपणात गेलेली, भांड्यांचं दुकान. लीलाधरनं सगळं नीट पाहिलं होतं. अनुसयाबाईनं फक्त विचारलं, "दारू?" लीलाधर म्हणाला, नाही. ती म्हणाली, बरं.

रेणूनं सासऱ्याच्या गोळ्या कोणत्या वेळी कोणत्या द्यायच्या ते पुन्हा एकदा सासूला समजावून सांगितलं. ती शालीकरामच्या पाया पडली तेव्हा तो म्हणाला, "सुखी राह्य, पोरी," आणि बैलांकडं निघून गेला. अनुसयाबाईनं तिच्या ओटीत तांदूळ घातले. लेक सासरी जाताना घालतात तसे. रेणू तिच्या गळ्यात पडली तेव्हा तिनं तिला थोपटलं आणि हलकेच सोडवलं. "जा. ऊन होते."

गाडी कालव्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती दारात उभी होती. मग आत आली. चुलीपाशी दोन ताटं काढली आणि पाहिलं. दोनच. रोज तीन काढायची सवय होती, आणि त्याआधी चार काढायची.

ती तिथंच खाली बसली. मग घशातून एक आवाज निघाला, त्याच्यामागून दुसरा, आणि मग तिनं हंबरडा फोडला. "माह्या खुशाल रे! माह्या लेकरा, कुठी गेला रे तू!" तिनं कपाळ भिंतीवर आपटलं, जमीन बडवली. गोठ्यातून शालीकराम धावत आला आणि दारातच थबकला. एवढे दिवस तो या आवाजाची वाट पाहत होता आणि आता तो ऐकवत नव्हता.

शेजारच्या गीताबाईनं हातातलं सूप टाकलं आणि ती धावली. समोरच्या घरातल्या बाया आल्या, आळीच्या शेवटापासून माणसं आली. कुणी विचारलं नाही, का झालं म्हणून. नाव ऐकलं आणि सगळ्यांना कळलं. बाया तिला धरून बसल्या आणि तिच्यासोबत रडायला लागल्या, घरात ताजं मढं असावं तशा. पुरुष अंगणात खाली माना घालून बसले. शालीकराम त्यांच्यात जाऊन बसला तेव्हा एकानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ती थांबत नव्हती. मध्येच गप्प व्हायची, पाणी प्यायची आणि पुन्हा काही आठवून सुरू व्हायची. तो मोहावरून पडला तेव्हा कसा रडला नाही. अर्जुनीला सायकलनं जायचा तेव्हा डब्यातली भाकर अर्धी परत आणायचा. रेणूला पाहायला गेले तेव्हा कसा लाजला. बाया हुंकार देत ऐकत होत्या. तिसऱ्या प्रहरी तिचा आवाज पार बसला तेव्हा ती गीताबाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

त्या दिवशी त्या घरात पुन्हा चूल पेटली नाही. शेजारच्या घरातून भात आणि वरण आलं, मयताच्या घरी येतं तसं. गीताबाईनं कालवून पहिला घास तिच्या तोंडाशी नेला. अनुसयाबाईनं मान फिरवली.

"खा व माय," गीताबाई म्हणाली. "आता खा लागते."

अनुसयाबाईनं तोंड उघडलं.